चाचांची घसरगाडी

घसरगाड्यांची शर्यत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर बर्फ आला असेल. पांढरे डोंगर, तोंडातून वाफ, गाडी ओढणारे ते झुबकेदार शेपटीचे कुत्रे. आला असेल तर जरा बघून घ्या आणि मग पुसून टाका, कारण ही गोष्ट सौदीतली आहे, जुबैलच्या बाहेरच्या वाळूतली, आणि गाडी ओढायला कुत्रे नव्हते, भारतीय शाळेतली स्काउटची पोरं होती. स्काउट म्हटल्यावर शिस्त आठवली असेल तर तीही पुसा. राहता राहिलो मी. मी ह्यात कुठून आलो, तर मला झोपेतून उठवून आणला. शुक्रवार होता. आठवडाभर प्लांटच्या स्टोअरमध्ये उभं राहून दोर आणि साखळ्या मोजून देणाऱ्या माणसाचा शुक्रवार कुणी काढून घेतला की त्याला कसं वाटतं, हे सांगायला बसलो तर मला परत झोप येईल.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आमच्या खोलीतले खालच्या बंकवरचे चाचा. अख्ख्या आखातात सुट्टी बाधणारा हा एकच माणूस. बाकीच्यांना ऊन बाधतं, धूळ बाधते, कॅम्पच्या मेसमधली डाळ तर सगळ्यांनाच बाधते. चाचांना सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस कॅम्पच्या गेटात शिरली की त्यांचा चेहरा उतरायला लागतो. शुक्रवारी पहाटेची नमाज झाली की ते खोलीत येतात, चहा करतात, आणि मग त्यांच्या हातांना काही सुचत नाही. मग ते पाना घेऊन माझ्या बंकचे बोल्ट आवळतात. मी वर झोपलेला असताना. पहिल्यांदा मला वाटलं भूकंप झाला. डोकं खाली घालून विचारलं, "चाचा, काय चाललंय?" तर म्हणाले, "वर तू, खाली मी. हा लोडच झाला की रे. लोडखाली झोपायचं तर बोल्ट बघून झोपावं." मी म्हटलं, मागच्या शुक्रवारीच बघितले होते. ते म्हणाले, "तेव्हापासून तू दोनदा बिर्याणी खाल्लीस."

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरची माणसं. चाचा मात्र समुद्र सोडून क्रेनकडे आले. आमच्या प्लांटवर ते रिगिंगचे मुकादम. म्हणजे जड वस्तू क्रेनला कशी बांधायची, कधी उचलायची, कुठे टेकवायची, हे ते ठरवतात. प्लांटवर नियम असा की तपासलेल्या वस्तूला हिरवा टॅग लावायचा, जी वापरू नये तिला लाल. हा नियम गेटाबाहेर लागू नाही, हे चाचांना कुणी सांगितलेलं नसावं. आमच्या खोलीत किटलीला हिरवा टॅग, बादलीला हिरवा टॅग, माझ्या सुटकेसच्या मुठीला हिरवा टॅग. माझ्या स्लिपरांना एकदा लाल टॅग लागला आणि मी अनवाणी मेसपर्यंत जाऊन आलो, कारण चाचा दारात उभे होते. मेसमधल्या डाळीच्या पातेल्यालाही एकदा लाल टॅग दिसला. कुणी लावला ते कळलं नाही म्हणतात, पण त्या दिवशी डाळ बदलली.

दुसरा त्यांचा नियम आवाजाचा. जड वस्तू हलत असताना हुकूम एकाच माणसाचा. दहा जण दहा दिशांना ओरडले तर क्रेनवाला कुणाचं ऐकणार? म्हणून 'हबेस' म्हटलं की उचला, 'आरिया' म्हटलं की सोडा, आणि हे दोन्ही शब्द फक्त चाचांनी म्हणायचे. जुन्या खलाशांचे शब्द आहेत, चाचांच्या आजोबांपासून चालत आलेले. "पण थांबा," ते बोट वर करून सांगतात, "थांबा हे कोणीही म्हणायचं. झाडूवाल्यानं म्हणायचं, चहावाल्यानं म्हणायचं. उगाच म्हटलं तरी चालेल. थांबा म्हणणाऱ्याला मी कधी बोलत नाय." मला ह्याची खात्री करून घ्यायची होती. आमच्या खोलीत नवा फ्रीज आला, चाचांच्या हुकमावर चौघं जण तो जिन्यावरून वर आणत होते, आणि अगदी वळणावर मी मागून म्हटलं, "थांबा." थांबले. फ्रीज खांद्यावर, घाम नाकावर. चाचांनी शांतपणे विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, सहज. त्या चौघांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. चाचा मात्र एक अक्षर बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "हबेस," आणि फ्रीज वर गेला.

आणि त्यांचा तो 'हबेस'. तो कागदावर येणार नाही. पोटातून निघतो, नाकात एक वळण घेतो आणि शेवटी असा लांबतो की प्लांटवरचे कावळेही, म्हणजे असते तर, उडाले असते. मला शाळेपासून नकला करायची खोड. आमच्या तालुक्याच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात एक अख्खा वर्ग घरी सोडला होता. चाचांचा आवाज मला महिन्याभरात बसला. एकदा कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मी त्यांच्या आवाजात म्हटलं, "सगळे खाली उतरा," तर रिगिंगची अख्खी टोळी डोळे चोळत उतरली आणि वाऱ्यात उभी राहिली. सगळ्यात शेवटी चाचाही उतरले. त्यांनाही वाटलं आपणच म्हटलं असेल.

अशा माणसाचं आणि स्काउटचं कसं जमलं, तर शाळेच्या पीटीच्या सरांनी तंबूचे वाकलेले खांब सरळ करायला आमच्या वर्कशॉपमध्ये पाठवले होते. चाचा ते परत द्यायला गेले. पोरं तंबू बांधत होती. चाचांनी एक गाठ बघितली, म्हणाले, "ही गाठ कुणी मारली?" आणि मग ते दर शुक्रवारी तिकडेच. सुट्टीवर औषध सापडलं. आमचा बंक हलायचा थांबला म्हणून मीही देवाचे आभार मानले. पीटीच्या सरांचंही चांगलं झालं, ते खुर्चीत बसून पेपर वाचायला मोकळे. पोरं केरळची, हैदराबादची, लखनौची, दोन-चार आपली. आईबाप मराठीत विचारतात आणि ही इंग्रजीत उत्तर देतात, असली. पण चाचांचे दोन शब्द सगळ्यांना पाठ. एका पोराच्या आईची तक्रार आली होती, ताटात आमटी वाढली की मुलगा 'आरिया, आरिया' म्हणतो.

शर्यतीचं खूळ गोऱ्यांच्या कंपाउंडमधल्या शाळेचं. त्यांच्या देशात म्हणे हिवाळ्यात स्काउटची पोरं घसरगाडी बर्फावरून ओढत नेतात, वाटेत थांबून गाठी मारतात, आग पेटवतात, जखमी माणूस गाडीवर घालून आणतात. इथे बर्फ कुठला, तर वाळूवर. पहिल्या हिवाळ्यात चाचांनी गाडी बनवली ती परांचीच्या पाइपांची, वेल्डिंग केलेली, चार कोपऱ्यांना क्रेननं उचलायच्या कड्या, वर हिरवा टॅग. उंट बसला असता तरी वाकली नसती. तिच्यात दोष एकच, ती हलत नव्हती. पोरांनी ओढली तशी ती वाळूत खाली खाली जात राहिली. शेवटी फावड्यानं काढली. दुसऱ्या वर्षी लाकडाची केली, ती उतारावर पोरांच्या पुढे पळाली आणि पाकिस्तानी शाळेच्या तंबूत शिरली. त्यांनी चहा पाजला, पण शर्यत गेली. यंदा चाचांनी मोठ्या प्लास्टिक पाइपाचे उभे दोन काप काढले, त्यांच्यावर हलक्या फळ्या बांधल्या, आणि ती वाळूवरून अशी सरकायला लागली की चाचा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. आनंद झाला की ते गप्प होतात.

यंदा गाडी पोचायलाच हवी होती, कारण चाचांना पुढचा हिवाळा इथे नव्हता. त्यांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं, लागलं होतं. कफीलनं, म्हणजे इथल्या मालकानं, इकामा, इथे राहायचा परवाना, पुढे वाढवला नाही, वय झालं म्हणाले, खलास. परतीचं तिकीट शर्यतीनंतरच्या आठवड्याचं. पोरांना त्यांनी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी पुन्हा बोल्ट आवळताना, बंकच्या खालून, म्हणजे तोंड बघायला नको. "एकदा पोचली पायजे रे," म्हणाले. "नंबर नको. सगळी पोरं, सगळं सामान घेऊन पोचली पायजे. मग गेलो तर बरा." मी वरून हं म्हटलं.

तर तो शुक्रवार. थंडी, धुकं, आणि वाळवंटातला तो वारा जो जॅकेटची चेन कुठे उघडी आहे ते बरोबर शोधतो. खालून कुणीतरी माझी चादर ओढली. बघतो तर चाचा, गळ्याला मफलर, तोंड हलतंय पण आवाज नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी येत होतं. आठवडाभर सरावाला वाऱ्यात ओरडून आवाज गेला होता. मी म्हटलं, "चाचा, झोपा. वाफ घ्या." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"मी काय?"

"तू ओरड," ती ट्यूब म्हणाली. "माझ्यासारखा. मेसमध्ये रोज ओरडतोस तेव्हा बरा येतो आवाज."

"पीटीचे सर आहेत की. शिट्टी मारतील."

"शिट्टीवर पोरं हलत नायत."

हे खरं होतं. चाचांनी पोरांना एकाच आवाजाची इतकी सवय लावली होती की दुसऱ्या कुणाच्या शब्दावर ती बूटसुद्धा घालत नव्हती. मी पांघरूण डोक्यावर घेतलं. मग खालून बोल्ट आवळण्याचा आवाज यायला लागला. उठलो.

मैदानावर वेगवेगळ्या शाळांच्या टोळ्या. पंच म्हणून इथल्याच एका शाळेचे सौदी मास्तर, मेंढीच्या कातड्याचा तो घोट्यापर्यंतचा कोट घालून, हातात खजूर आणि कहवा. आमचं ठरलं असं. चाचा पुढे उलटे चालत हातानं इशारे करणार, मी गाडीच्या बाजूनं पळत त्यांच्या हातांकडे बघून त्यांच्या आवाजात ओरडणार. पहिला 'हबेस' दिला तेव्हा पोरांनी चमकून चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दोर खांद्याला लावला. टोळीचा नायक मलबारी पोरगा, उंच, चष्मेवाला, रिजो. तो मला हळूच म्हणाला, "अंकल, बहोत क्रीपी है. बट ओके."

गाठी झाल्या. चाचांच्या पोरांच्या गाठी, पंचांना सोडवता येईनात. आगीच्या ठिकाणी पाणी उकळून दाखवायचं होतं. उकळल्यावर पंच म्हणाले ओतून द्या. चाचांचा चेहरा पडला, त्यांनी खिशात चहापत्तीची पुडी आणली होती. इथपर्यंत आम्ही सगळ्यांच्या पुढे. मी दमलो होतो हे वेगळं सांगत नाही. वाळूत पळणं म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे, त्यात दुसऱ्याच्या गळ्यानं ओरडायचं. पण कडेला उभे असलेले आईबाप हसत होते, फिलिपिनो शाळेची पोरं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती, आणि मला बघणारे मिळाले की माझं काही खरं नसतं. मी चाचांच्या 'हबेस'ला शेपट्या जोडायला लागलो. मधेच अरबांचं 'यल्ला', म्हणजे चला चला, मधेच त्यांचा खाकरा, मधेच त्यांचं ते 'मेल्यांनो'.

मग जखमी माणूस. हे काम हैदराबादच्या एका बारक्या पोराला दिलं होतं, कारण तो हलका. त्याच्या पायाला फळकुट बांधलं, गाडीवर आडवा केला, पट्ट्यानं आवळला. चाचांनी त्याला आठवडाभर एकच गोष्ट शिकवली होती, "बेहोस आदमी बात नै करता." पोरगं डोळे मिटून मेल्यासारखं पडलं.

शेवटचा उतार आणि त्याच्या पायथ्याशी लाल फीत. दुसरी टोळी बरीच मागे. मी ओरडतोय, पोरं ओढतायत, फीत जवळ येतेय. मला वाटलं चाचांचं काम झालं. त्यांच्या हातांकडे बघायचं मी कधीच सोडलं होतं, मी फितीजवळच्या माणसांकडे बघत होतो. म्हणून चाचांनी दोन्ही हात आडवे पसरले ते मला दिसलं नाही. ते तोंड उघडून काहीतरी म्हणत होते, तेही नाही. मी आपला आणखी एक लांबलचक 'हबेस' दिला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात उत्तम.

आणि त्याच वेळी दोरीच्या मागच्या टोकाला असलेलं एक पोर बारीक आवाजात म्हणालं, "थांबा."

मराठी पोर नव्हतं ते, लखनौचं होतं. पण म्हणालं 'थांबा'च.

सगळी पोरं जागच्या जागी उभी. दोर सैल. फीत समोर, हात लांब केला तर लागेल अशी. मी चाचांच्या आवाजात परत ओरडलो, "अरे हबेस, हबेस." एकही हललं नाही. रिजो माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, स्टॉप बोला है किसीने." मग त्यानं मागे बघितलं, मीही बघितलं. गाडी रिकामी. पट्टा लोंबत होता. वर, उताराच्या मध्यावर, वाळूत आमचा जखमी पडलेला, डोळे मिटून, पायाला फळकुट, तोंडात वाळू. गाडीवरून घसरला, दोन कोलांट्या खाल्ल्या, पण बेशुद्ध माणूस बोलत नाही म्हणून बोलला नाही.

पोरं दोर टाकून वर गेली नाहीत. गाडी वळवली, सगळ्यांनी मिळून वर नेली, त्याला उचलला, पट्टा नीट बांधला, कुणीतरी दोनदा ओढून बघितला. कुणी हुकूम दिला नाही. मी गप्प होतो, चाचांना आवाजच नव्हता. रिजो स्वतःच म्हणाला, "आरिया," आणि गाडी सावकाश खाली आली. तोपर्यंत फिलिपिनो गेले, पाकिस्तानी गेले, गोरे गेले. सौदी मास्तर फीत गुंडाळायला लागले होते. आमची गाडी येताना बघून त्यांनी खजूर तोंडात टाकला, कोट सावरला आणि फीत परत ताणून धरली, जसे काही आम्ही पहिलेच. पोरं पोचली. सामान पोचलं. जखमीनं फितीपलीकडे गेल्यावर डोळे उघडले आणि विचारलं, "अब बात करूँ?"

चाचांनी खिशातून हिरवा टॅग काढला आणि गाडीला बांधला. बांधायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग रिजोला बाजूला घेऊन त्यांनी काहीतरी सांगितलं, कानात, कारण दुसरा इलाजच नव्हता. रिजोनं चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातला नाही.

पुढच्या आठवड्यात चाचा गेले. आता खालच्या बंकवर एक पंजाबी वेल्डर आहे, भला माणूस, शुक्रवारी दुपारपर्यंत झोपतो. बंक हलत नाही. मला त्याचा त्रास होतो हे कुणाला सांगायची सोय नाही. किटलीचा टॅग तसाच आहे, हिरवा रंग वाफेनं पांढरा पडलाय. मेसमध्ये कॅम्पची माणसं म्हणतात, चाचांचा आवाज काढ. काढतो कधी कधी. पण आधी एक शब्द म्हणून घेतो, आणि तो का, हे सांगायचं तर त्या दिवशी परतताना बसमध्ये मला पडलेली बोलणी सांगायला हवीत.

बसमध्ये पोरं झोपली होती, एकमेकांच्या खांद्यावर. माझाही घसा बसला होता, पाय वाळूनं भरले होते. चाचा शेजारी बसले. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी मफलर खाली केला आणि ती ट्यूब सुरू झाली, जुबैलचे दिवे दिसेपर्यंत थांबली नाही. कुजबुजून दिलेल्या शिव्या मी पहिल्यांदाच खाल्ल्या. ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं, कुजबुजणाऱ्याला कान द्यावा लागतो.

"माणूस पडला तरी हबेस?" चाचा म्हणाले. "माझा हात दिसला नाय? बघत कुठे होतास, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे? आणि थांबा म्हटल्यावर परत हबेस? माझ्या आवाजात? इतकी वर्षं ह्या गळ्यानं थांबा म्हटल्यावर कुणाला हल म्हटलं नाय, तू एका सकाळीत म्हटलंस."

मी म्हटलं, "चाचा, चुकलं. माझी गाडीकडे पाठ होती."

"आणि ते यल्ला कुठनं आणलंस? मी कधी यल्ला म्हणतो काय? खाकरलास पण वर. मी तसा खाकरतो?"

"खाकरता, चाचा."

त्यांनी मफलर परत वर ओढला. मला वाटलं संपलं. मग परत माझ्याकडे वळले, आणि मफलरच्या आतून, इतकं हळू की मला डोकं त्यांच्या खांद्याशी न्यावं लागलं, म्हणाले, "मी चाललो. आवाज तुझ्याकडे राहतोय. वापर, मी काय ना म्हणत नाय. पण मेल्या, त्यात आधी थांबा बसव. हबेस कोणाला पण येतो."